पगारवाढ झाली, आजारपणाचा आधार सुटला

एखाद्या कामगाराचा पगार १ एप्रिलपासून २०,५०० वरून २२,००० झाला, म्हणजे २१,००० ची मर्यादा ओलांडली, की त्याच्या पगारातून होणारी ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात थांबते. हातात चार पैसे जास्त पडतात म्हणून तो खूश असतो, आणि कारखान्याचाही दरमहाचा भरणा वाचतो. काय गेलं हे मात्र त्याला लगेच कळत नाही. ऑक्टोबर ते मार्च या सहामाहीत भरलेल्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचे लाभ मिळतात, त्यामुळे वर्षअखेरपर्यंत सगळं सुरळीत दिसतं. जानेवारीत आईच्या डायलिसिससाठी किंवा मुलाच्या तापासाठी तो दवाखान्यात जातो, आणि तेव्हा समजतं की आपला आयपी नंबर (विमाधारक क्रमांक) आता चालत नाही.

आजारपणात माणसाला दोन खर्च सोसावे लागतात: उपचाराचा खर्च आणि बुडालेला पगार. ईएसआय या दोन्हींची सोय करते. कारखाने आणि कचेऱ्या तिच्या जागी जो ग्रुप मेडिक्लेम (सामूहिक आरोग्यविमा) घेतात, तो फक्त पहिल्याची करतो, तीही अर्धवट. पगार २१,००० च्या वर गेलेल्या माणसाच्या बुडालेल्या पगाराची जबाबदारी आज कायद्याने कोणावरच नाही. ती मालकाने उचलली पाहिजे, आणि ती उचलणं परवडतं, असं आमचं ठाम मत आहे.

ईएसआयमध्ये मालकाने ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे असतात. हे दर १ जुलै २०१९ पासूनचे. त्याआधी ते ४.७५ आणि १.७५ होते. वर्गणी कमी झाली, पण पगाराची मर्यादा जानेवारी २०१७ मध्ये १५,००० वरून २१,००० झाली ती तिथेच थांबली आहे. महागाईबरोबर पगाराचे आकडे वाढत जातात, म्हणून दरवर्षी त्याच कामावरची, त्याच ऐपतीची माणसं या योजनेतून बाहेर पडतात. बाहेर पडताना काय सोडावं लागतं ते पाहा. उपचारावर रकमेची वरची मर्यादा नाही. पती किंवा पत्नी, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील यांनाही उपचार मिळतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोग, कर्करोग अशा ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के, तीही दोन वर्षांपर्यंत. कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून ९० टक्के. ३ लाखांच्या मेडिक्लेम पॉलिसीत यातला रोख भरपाईचा भाग कुठेच नसतो.

ईएसआयचे दवाखाने आपल्याला माहीत आहेत. औषध संपलेलं असतं, मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळायला चार खेपा पडतात, सोनोग्राफीची तारीख लांबची मिळते. पगारवाढीने आपण सुटलो असं कामगाराला वाटतं ते उगाच नाही. पण रोख भरपाईचा भाग दवाखान्यातल्या रांगेवर अवलंबून नसतो. ती रक्कम थेट बँक खात्यात जमा होते. तक्रार दवाखान्याची आणि गमावलं बुडालेल्या पगाराचं संरक्षण, अशी ही गल्लत आहे.

योजनेतही फटी आहेत आणि त्या मालकाला माहीत असायला हव्यात. सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी नसेल तर आजारपणाची भरपाई मिळत नाही. नव्याने लागलेल्या माणसाला उपचार लगेच मिळतात, पण आजारपणाची रोख भरपाई पहिले नऊ महिने नाही. शिवाय प्रत्येक आजारपणाचे पहिले दोन दिवस कोरडे जातात. आधीच्या आजारपणानंतर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलं तरच ते धरले जातात. म्हणजे दोन दिवसांच्या तापाला ईएसआयकडून शून्य. आणि कामावरची बहुतेक आजारपणं दोन-तीन दिवसांचीच असतात.

मग त्या दोन दिवसांचं काय? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आता वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे. त्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत, सणांच्या ८ सुट्ट्या आहेत, वीस दिवसांच्या कामामागे एक अर्जित रजा आहे. आजारपणाची वेगळी भरपगारी रजा नाही. तमिळनाडूत दुकानांच्या कायद्यात वर्षाला १२ दिवसांची आजारपणाची रजा आहे, आणि शेजारच्या कर्नाटकात आजारपण किंवा इतर रास्त कारणासाठी १२ दिवसांची. आपल्याकडे त्याच आठ दिवसांत मुलाच्या शाळेचा प्रवेश, गावाकडचं लग्न, रेशन कार्डाचं काम आणि ताप असं सगळं बसवायचं. कारखान्यांची गोष्ट आणखी अवघड. १९४८ च्या कारखाने कायद्यात वार्षिक भरपगारी रजा होती, आजारपणाची नव्हती. ती बाजू सांभाळायला ईएसआय आहेच, असं धरलेलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात वार्षिक रजेला पात्र व्हायची अट २४० दिवसांवरून १८० दिवसांवर आली, हे चांगलं झालं. पण २२,००० पगार असलेला प्रेसवरचा ऑपरेटर आजही ताप आल्यावर खाडा पाडतो आणि पगार कापून घेतो.

त्यात भर म्हणून हजेरी भत्ता. महिन्यात एकही खाडा नाही तर हजार-पंधराशे रुपये, एक खाडा पडला की शून्य. हे धोरण वरवर निरुपद्रवी दिसतं, पण त्याचा परिणाम शॉपफ्लोअरवर जाऊन बघावा. महिन्याच्या २५ तारखेला ताप आलेला माणूस दोन गोळ्या घेऊन मशीनवर उभा राहतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते, आणि समोर पॉवर प्रेस असते. कॅन्टीनमध्ये जुलाब होत असलेला माणूस पोळ्या लाटतो आणि पुढच्या दोन दिवसांत अख्खी शिफ्ट आजारी पडते. हजेरी भत्ता बंद करा असं आम्ही म्हणत नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतलेली रजा हजेरीत धरा, आणि भत्ता महिन्याऐवजी तिमाहीवर टप्प्याटप्प्याने द्या. एका खाड्याने सगळा भत्ता जायला नको, त्याचा थोडा भाग जावा. स्वयंपाकघर, क्रेन, फोर्कलिफ्ट आणि प्रेस या ठिकाणी तर आजारी माणसाला घरी पाठवणं ही सुपरवायझरची लेखी जबाबदारी असली पाहिजे, आणि त्या दिवसाचा पगार कापता कामा नये.

आता परवडण्याचं गणित. कामगार ईएसआयबाहेर गेल्यावर मालकाचे ३.२५ टक्के वाचतात. २२,००० वर ते महिन्याला ७१५ आणि वर्षाला ८,५८० रुपये होतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर त्याची रोजची मजुरी ८४६ रुपये. म्हणजे वाचलेल्या रकमेत दहा दिवसांची भरपगारी रजा बसते. पगार २५,००० असो की ४०,०००, उत्तर तेच येतं, कारण ३.२५ टक्के म्हणजे वर्षाच्या ३१२ कामाच्या दिवसांतले जेमतेम दहा दिवस. तेही प्रत्येकाने सगळी रजा वापरली असं धरून. प्रत्यक्षात वर्षभर एकदाही आजारी न पडणारी माणसं असतातच. मेडिक्लेमचा हप्ता याच्या वर येतो, हे खरं. पण ‘आजारपणाची रजा परवडत नाही’ असं म्हणणाऱ्याने आधी ईएसआयची वाचलेली रक्कम कुठे गेली ते दाखवावं.

दुसरी हरकत गैरवापराची. खोटी सर्टिफिकिटं मिळतात, सोमवारी पोट दुखतं, असं सगळे सांगतात. त्याचा बंदोबस्त रजेच्या नियमांत करता येतो. ही रजा रोखीत बदलून मिळू नये, पण वीस-तीस दिवसांपर्यंत साठू द्यावी, म्हणजे ‘संपवून टाकू’ ही घाई राहत नाही आणि ऑपरेशनच्या वेळी साठा हाताशी असतो. पहिल्या दोन दिवसांना चिठ्ठी मागू नये. दोन दिवसांच्या तापासाठी चिठ्ठी मागितली की कामगार डॉक्टरला तीनशे रुपये देतो, आणि खोट्या सर्टिफिकिटांचा धंदा चालतो तो याच सक्तीवर. तिसऱ्या दिवसापासून नोंदणीकृत डॉक्टरची चिठ्ठी घ्यावी, तिच्यावर आजाराचं नाव नसलं तरी चालेल. विश्रांती किती दिवस आणि कामावर परतल्यावर कोणतं काम टाळायचं एवढंच पुरे.

ग्रुप मेडिक्लेम घेताना बहुतेक मालक दोन आकडे पाहतात: विमा रक्कम आणि हप्ता. खरा फरक अटींत असतो, आणि सगळ्यांत जास्त माणसं खोलीभाड्याच्या अटीवर फसतात. ३ लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडं रोज १ टक्का, म्हणजे ३,००० रुपये, अशी अट असते. रुग्ण ६,००० च्या खोलीत पाच दिवस राहिला आणि बिल १ लाख ८० हजार झालं असं धरा. त्यात खोलीभाडं ३०,०००, सर्जन, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचे मिळून १ लाख, औषधं आणि तपासण्यांचे ५०,०००. खोलीचे ३०,००० पैकी १५,००० मिळतात, हे सगळ्यांना कळतं. पण खोली दुप्पट भाड्याची घेतली म्हणून सर्जन आणि थिएटरच्या १ लाखालाही तीच निम्म्याची कात्री लागते. औषधं आणि तपासण्या त्यातून वाचतात. हाती येतात १ लाख १५ हजार. ६५,००० घरच्यांनी भरायचे. विमा रकमेतले पावणेदोन लाखांहून जास्त शिल्लक असताना! म्हणून विमा रक्कम ३ वरून ५ लाख करण्याआधी ‘एक माणसाची एसी खोली, रुपयांची मर्यादा नाही’ ही अट लिहून घ्यावी. हप्ता थोडा वाढतो, पण दवाखान्यातून घरी जातानाची रडारड टळते.

आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरणं, बाळंतपणाला नऊ महिन्यांची प्रतीक्षा नसणं आणि नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरणं, ही तीन कलमं ग्रुप पॉलिसीत मागितली की मिळतात. न मागता मिळतीलच असं नाही. मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच धरणं विमा कंपन्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक आहे. तरी वेगळी उपमर्यादा घातली आहे का ते वाचावं. आई-वडिलांचं संरक्षण महाग पडतं म्हणून नूतनीकरणाच्या वेळी तेच पहिलं कापलं जातं. त्याऐवजी आई-वडिलांसाठी १० ते २० टक्के हिस्सा कुटुंबाने भरायची अट घाला, किंवा त्यांचा हप्ता कामगाराच्या पगारातून बारा हप्त्यांत घ्या. पण काढून टाकू नका. साठीच्या माणसाला त्याच्या मधुमेहासकट बाजारात वैयक्तिक पॉलिसी मिळवणं किती कठीण असतं, ते ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना विचारावं.

जीएसटीचा एक मुद्दा मालकांच्या लक्षात राहत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा कर गेला, ग्रुप पॉलिसीवरचा १८ टक्के तसाच आहे, आणि विमा देणं कायद्याने बंधनकारक नसेल तर त्या कराची वजावटही मिळत नाही. म्हणजे कामगारांना एकत्र संरक्षण देणाऱ्यावर कर आणि एकट्याने घेणाऱ्याला सूट. हे उलट आहे आणि बदललं पाहिजे.

पॉलिसी चांगली असूनही दावा फेटाळला जातो तो बहुधा कार्यालयातल्या ढिलाईने. विमा कंपनीकडे मालकाचे काही पैसे आगाऊ जमा असतात आणि नव्या माणसाचा हप्ता त्यातून वळता होतो. ते पैसे संपले की नवी नावं चढत नाहीत, आणि कोणी कळवत नाही. रुजू झालेल्या माणसाला दुसऱ्या आठवड्यात अपघात झाला की मग शोधाशोध सुरू होते. दर महिन्याच्या ५ तारखेला मस्टर आणि विमा कंपनीची यादी समोरासमोर ठेवून नावं जुळवावीत. आधारवरचं नाव, जन्मतारीख, लग्न, बाळाचा जन्म, सगळं त्याच वेळी तपासावं. कॅशलेस मंजुरी एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असं विमा नियामकाने मे २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. हे दोन आकडे प्रत्येक कामगाराच्या ओळखपत्राच्या मागे छापावेत. नोकरी सोडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीची वर्षं मोजली जातात. पण अर्ज वेळेत करावा लागतो, म्हणून हे राजीनामा आल्याच्या दिवशी सांगायला हवं. फुल अँड फायनलचा चेक देताना सांगून उपयोग नसतो.

कंत्राटी कामगारांबाबत तर ढिलाई म्हणणंही सौम्य होईल. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती मुख्य मालकाकडून वसूल होते, हे बहुतेकांना माहीत असतं, म्हणून ते ठेकेदाराकडून चलन मागतात. चलनावर फक्त एकूण रक्कम असते. साठ माणसं गेटमधून आत येतात आणि वर्गणी चाळीसची भरलेली असते, हे त्या कागदावरून कधीच दिसत नाही. आयपी नंबरनिहाय यादी मागून ती गेटवरच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्याशिवाय ठेकेदाराचं बिल पास करू नये. नोंदणी कामावर घेतल्याच्या दिवशीच झाली पाहिजे. अपघात झाल्यावर मागच्या तारखेने नोंदणी करण्याचा प्रकार पोर्टलवरच्या वेळेच्या नोंदीत उघडा पडतो आणि जखमी माणूस मधल्यामध्ये अडकतो.

आजाराची माहिती हा आणखी एक नाजूक भाग. टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) येणाऱ्या दाव्यांच्या अहवालात नाव आणि आजार दोन्ही असतील तर तो अहवाल मालकाने घेऊच नये. चाळीस माणसांच्या कंपनीत नाव झाकूनही ‘कर्करोग, १ दावा, ४ लाख’ एवढ्यावरून माणूस ओळखता येतो, आणि मग पुढच्या बढतीच्या वेळी ती ओळ कोणाच्या तरी मनात येते. एकूण रक्कम, एकूण दावे, हप्त्याच्या तुलनेत दाव्यांचं प्रमाण, एवढी माहिती नूतनीकरणाला पुरते. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणी मागणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बेकायदा आहे, तरी नोकरीपूर्व तपासणीच्या पॅकेजमध्ये ती ‘सवयीने’ राहिलेली असते. आपल्या लॅबच्या यादीवर एकदा नजर टाकावी. चाळिशी ओलांडलेल्यांची वार्षिक मोफत तपासणी आता मालकावर आली आहे. तिचा पूर्ण अहवाल कामगाराच्या हातात जावा आणि कारखान्याला फक्त एवढं कळावं की या कामाला योग्य, बंधनांसह योग्य, की अयोग्य. आणि रक्तदाब १७० निघालेल्या माणसाला महिन्याभरात पुन्हा कोणी तपासणार नसेल, तर त्या शिबिराचे फोटो काढण्यापलीकडे काही साधत नाही.

बाळंतपणाच्या बाबतीत मर्यादेचा दोष सगळ्यांत उघड दिसतो. ईएसआयमधल्या स्त्रीला २६ आठवड्यांचं पूर्ण वेतन ईएसआय महामंडळ देतं. तिचा पगार २४,००० झाला की हे सहा महिन्यांचे जवळपास १ लाख ४४ हजार एकट्या मालकावर येतात. मोठी कंपनी ते सोसते. पंचवीस माणसांची कचेरी मुलाखतीतच ‘लग्न कधी?’ विचारायला लागते. हा प्रश्न विचारणं चूकच आहे, पण सगळ्यांनी थोडं थोडं वाटून घ्यायचा खर्च कायद्याने एकाच्या डोक्यावर ठेवला की तो टाळण्याच्या वाटा शोधल्या जातात.

म्हणून शासनाकडे मागणी दोन गोष्टींची. ईएसआयची मर्यादा किंमत निर्देशांकाशी जोडा, आणि मर्यादेवर गेलेल्यांसाठी निदान रोख भरपाई व प्रसूतीचा भाग चालू ठेवायची सोय करा. त्यांनी दवाखाना वापरावा अशी सक्ती नको. सामाजिक सुरक्षा संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे: घरभाड्यासारखे भत्ते वेतनाबाहेर, पण ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनात. या हिशेबाने बाहेर पडलेली काही माणसं पुन्हा आत येऊ शकतात, तेव्हा प्रत्येक मालकाने आपलं पगारपत्रक नव्याने मांडून पाहावं, आणि भत्त्यांची मांडणी बदलून माणसं बाहेर ठेवायचा खेळ करू नये. राज्याने दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात एक कलम घालावं: वर्षाला १० दिवस आजारपणाची भरपगारी रजा, आठ नैमित्तिक रजांव्यतिरिक्त, पहिल्या दिवसापासून.

हे कलम येईपर्यंत थांबायचं कारण नाही. कायद्यातली रजा ही किमान आहे, तिच्याहून जास्त द्यायला कोणाची परवानगी लागत नाही. नियुक्तिपत्रात दोन ओळी वाढवाव्या लागतात, रजेच्या नोंदवहीत एक रकाना, आणि ज्या महिन्यात कामगाराची ईएसआय थांबते त्याच महिन्यापासून त्याचं आणि त्याच्या घरच्यांचं नाव मेडिक्लेमच्या यादीत असल्याची खात्री करावी लागते. पगारवाढीच्या पत्रासोबतच त्याला एक कागद द्यावा: ईएसआयचे लाभ कोणत्या तारखेपर्यंत, त्यानंतर कोणती पॉलिसी, रजा किती, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशन कार्डावर वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार कोणत्या रुग्णालयांत मिळतात, तिथे आरोग्यमित्र कुठे बसतो.